घरची पट्टी की लॅब, ‘होऊन गेलाय’ की लस?

पावसाळा लागला की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. “घरी टेस्ट केली, निगेटिव्ह आली, म्हणजे साधी सर्दीच.” आणि “मला कोविड होऊन गेलाय, आता लसबिस कशाला?” दोन्ही वाक्यं साफ खोटी असती तर सोपं होतं. ती अर्धी खरी आहेत, आणि मागे चार जण सुट्टे पैसे हातात धरून उभे असताना अर्धं खरं समजावत बसता येत नाही. म्हणून इथे जरा निवांत लिहितोय. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नव्हे. तेव्हा गोळ्या कोणत्या घ्यायच्या ते इथे मिळणार नाही. ठरवताना कशाच्या शेजारी काय ठेवून बघायचं, तेवढं सांगतो.

पट्टी आणि पीसीआर

आपल्याकडे घरी करायच्या कोविड टेस्टला (हीच ती पट्टी, रॅपिड अँटिजेन टेस्ट) मंजुरी मिळाली मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात. पहिलं किट पुण्याच्या मायलॅबचं, नाव कोव्हिसेल्फ, किंमत २५० रुपये. त्याच वेळी आयसीएमआरने, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, एक सूचना काढली होती, ती फार थोड्यांनी वाचली. लक्षणं असतील किंवा पॉझिटिव्ह माणसाच्या थेट संपर्कात आला असाल तरच ही टेस्ट करा, सरसकट नको. पॉझिटिव्ह आली तर खरी धरा, पुन्हा तपासू नका. लक्षणं असून निगेटिव्ह आली तर लगेच आरटी-पीसीआर (लॅबमधली टेस्ट, पुढे नुसतं पीसीआर म्हणतो) करा.

म्हणजे पट्टीचा ‘हो’ मानायचा आणि ‘नाही’ तपासून घ्यायचा, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. लोक नेमकं उलट करतात. पॉझिटिव्ह आली की “किटच खराब दिसतंय” म्हणत दुसरं न्यायला येतात. निगेटिव्ह आली की लग्नाला जातात.

दोन्ही टेस्ट एकाच नाकातून स्वॅब घेतात, पण शोधतात वेगवेगळं. पट्टी विषाणूचं एक प्रथिन शोधते, आणि जेवढं स्वॅबवर आलं तेवढ्यावरच तिला भागवायचं असतं. पीसीआर विषाणूच्या आरएनएची आधी डीएनएमध्ये नक्कल करते आणि मग दर फेरीला ती दुप्पट करत जाते. बुद्धिबळाच्या पटावर तांदळाचे दाणे दुप्पट करत जाण्याची गोष्ट आठवा. ३५ फेऱ्यांत एका तुकड्याचे हिशेबाने ३,४०० कोटींवर तुकडे होतात. पट्टीला जे दिसतच नाही, ते पीसीआरला ठळक दिसतं ते यामुळे.

मग नेहमी पीसीआरच करावी? नाही. तिची नजर इतकी बारीक आहे की बरं झाल्यावरही कित्येक आठवडे ती विषाणूचा मेलेला कचरा शोधून काढते आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह देते. “मला कोविड झालाय का?” या प्रश्नाला पीसीआर चांगली. “आता मी आईला भेटायला जाऊ का?” या प्रश्नाला पट्टी जास्त उपयोगी, कारण नाकात विषाणू भरपूर असतो तेव्हाच ती बोलते. तरी तिची एकच निगेटिव्ह पुरेशी धरू नये.

आता आकडे. कोक्रेन या संस्थेने २०२२ मध्ये जगभरातल्या अभ्यासांची मोट बांधली. लक्षणं असलेल्या १०० बाधितांपैकी अशा पट्ट्यांनी सरासरी ७३ पकडले. लक्षणं नसलेल्यांत फक्त ५५. लक्षणांच्या पहिल्या आठवड्यात ८१ च्या आसपास, दुसऱ्या आठवड्यात ५४. आणि ज्यांना कोविड नव्हताच, त्यांतल्या १०० पैकी ९९ हून जास्त जणांना तिने बरोबर निगेटिव्ह सांगितलं. यातल्या बहुतेक टेस्ट शिकलेल्या हातांनी केलेल्या होत्या, हेही लक्षात ठेवा.

हे आकडे नुसते वाचून काही कळत नाही, वहीवर मांडून बघावे लागतात. समजा लाट जोरात आहे आणि खोकणारे १०० जण आले. त्यांतल्या ४० जणांना खरंच कोविड आहे. पट्टी २९ जणांना पकडेल, ११ निसटतील. उरलेल्या ६० मध्ये चुकून पॉझिटिव्ह एखादाच, तोही झाला तर. निगेटिव्ह घेऊन घरी गेलेले साधारण ७०, त्यात ११ बाधित. दर सहा-सात निगेटिव्हमागे एक खोटी.

आता लाट नाही. एका कंपनीने धडधाकट १,००० माणसांची टेस्ट केली, त्यात पाच जणांना कोविड आहे. पट्टी तिघांना पकडेल, आणि उरलेल्या ९९५ मध्ये तीनेक जणांना उगाच पॉझिटिव्ह म्हणेल. किट तेच, हातही तेच, आणि आता पॉझिटिव्हही निम्मे खोटे. २०२१ चा ‘पॉझिटिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह’ हा नियम लाटेतला होता. टेस्ट किती भरवशाची, याचं उत्तर म्हणूनच डब्यावर छापता येत नाही. ती कोणी केली, कोणत्या दिवशी केली आणि गावात तेव्हा काय चाललं होतं, त्यावर ते ठरतं.

अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, ऑगस्ट २०२२ मध्ये यावर साधा तोडगा सांगितला. लक्षणं असतील आणि निगेटिव्ह आली, तर ४८ तासांनी पुन्हा करा. लक्षणं नसतील तर ४८-४८ तासांच्या अंतराने एकूण तीनदा. मला हा सल्ला पटतो. एकाच संध्याकाळी दोन किटं वापरून काही मिळत नाही. दिवस मध्ये जायला हवेत.

हाताच्या चुका

आमच्या मागच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षक राहतात. सगळेच त्यांना सर म्हणतात. एकदा सकाळी दुकान उघडत होतो तेव्हाच ते रुमालात गुंडाळलेली पट्टी घेऊन आले. सी समोर (किट चालतंय हे सांगणारी) ठळक रेघ, टी समोर (निकालाच्या जागी) एक करडी, केसाएवढी. “ही धरायची का?”

“केली कधी, सर?”

“काल रात्री, बातम्या लागल्या तेव्हा.”

म्हणजे बारा तास उलटलेले. निकाल १५ मिनिटांनी बघायचा असतो आणि २० मिनिटांनंतर उमटलेलं काहीही धरायचं नसतं. पट्टी वाळली की अशी भुताटकीची रेघ येऊ शकते. मात्र वेळेच्या आत रंगीत रेघ आली, मग ती कितीही पुसट असो, ती पॉझिटिव्हच. “पुसट म्हणजे थोडासाच कोविड” हा गैरसमज मी आठवड्याला एकदा तरी ऐकतो.

बोलता बोलता कळलं की किट आदल्या दुपारपासून स्कूटरच्या डिकीत होतं. एप्रिल महिना. बहुतेक किटांवर २ ते ३० अंश छापलेलं असतं आणि उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत हात घालवत नाही. स्वॅबही त्यांनी नाकाच्या तोंडाशीच फिरवला होता, “आत गेला की शिंक येते” म्हणून. या किटांत बहुधा दोन्ही नाकपुड्यांत दोन-चार सेंटिमीटर आत घालून पाच-पाच वेळा फिरवायला सांगतात. घशात नाही, आणि शिंकरल्यावर रुमालावर आलेल्या शेंबडात तर नाहीच (विचारलंय मला). पत्रक वाचा. प्रत्येक कंपनीचे थेंब आणि मिनिटं वेगळी असतात.

आणि एक: लस घेतल्यामुळे पट्टी पॉझिटिव्ह येत नाही. दंडात टोचलेलं नाकात उगवत नाही.

‘होऊन गेलाय’ आणि लस

इथे लोक चिडतात, म्हणून आधी त्यांच्या बाजूचं बोलतो. संसर्गाने प्रतिकारशक्ती येते, आणि ती चांगली येते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाचा ऑक्टोबर २०२१ चा, म्हणजे विषाणूच्या डेल्टा या प्रकाराच्या काळातला हिशेब आहे. लसही नाही आणि आधी कोविडही नाही, अशांच्या तुलनेत फक्त लस घेतलेल्यांमध्ये संसर्ग सुमारे ६ पट कमी होता. लस न घेतलेल्या, पण आधी होऊन गेलेल्यांमध्ये २९ पट कमी. दोन्ही असलेल्यांमध्ये ३२ पट. डेल्टा येण्यापूर्वी चित्र उलटं होतं, तेव्हा लसवाले पुढे होते.

२९ विरुद्ध ६ बघून “मग लस कशाला?” म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारतो, की त्या २९ च्या रांगेत उभं कोण आहे? जे जगले ते. त्या रांगेत शिरायचं तिकीट म्हणजे खुद्द आजार. सरकारी नोंदीप्रमाणे एकट्या महाराष्ट्रात १ लाख ४८ हजारांवर माणसं त्या दारातच गेली. दुसऱ्या लाटेत बरं होऊन घरी आलेल्यांना म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) झाला, काहींचे डोळे काढावे लागले. लसीलाही धोका आहे, तो लपवायचं कारण नाही. कोविशिल्डसारख्या लसीने क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात. केंद्राच्या समितीने मे २०२१ मध्ये दर १० लाख डोसमागे ०.६१ असं प्रमाण दिलं होतं. ब्रिटन आणि जर्मनीत ते याहून जास्त नोंदलं गेलं. तरी ही दोन तिकिटं एका किमतीची नाहीत.

दुसरी गोष्ट मुदतीची. ऑगस्ट २०२० मध्ये पुण्याच्या पाच प्रभागांतल्या सिरो सर्वेक्षणात, म्हणजे रक्ततपासणीत, ५१.५ टक्के लोकांत अँटीबॉडी (शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेली प्रथिनं) सापडल्या. त्याआधी जुलैत मुंबईच्या तीन वॉर्डांतल्या झोपडपट्ट्यांत ५७ टक्के निघाल्या होत्या. चहाच्या टपरीवर हर्ड इम्युनिटी (बहुतेकांना होऊन गेल्याने साथ थांबणं) हा शब्द तेव्हा वडापावइतका स्वस्त झाला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीकडून आकडे चढायला लागले, आणि एप्रिलमध्ये पुण्यात बेडसाठी फोन फिरत होते. निम्म्या लोकांना होऊन गेलं म्हणजे उरलेल्या निम्म्यांना अजून व्हायचंय, हे साधं गणित त्या गप्पांत कोणी मांडलं नव्हतं. त्यात विषाणूही बदलला.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात फेब्रुवारी २०२३ ला १९ देशांतल्या ६५ अभ्यासांचा एकत्र आढावा आला. आधीच्या संसर्गामुळे गंभीर आजारापासून मिळणारं संरक्षण दहा महिन्यांनीही ८८ टक्क्यांच्या घरात टिकलं होतं. ओमायक्रॉन या नंतरच्या प्रकाराचा पुन्हा संसर्ग होण्यापासूनचं मात्र तेवढ्याच काळात ३६ टक्क्यांवर आलं. लसीचंही साधारण असंच आहे: संसर्ग रोखण्याची ताकद लवकर ओसरते, जीव वाचवण्याची जास्त टिकते. म्हणून “लस घेऊनही झालाच की” आणि “एकदा होऊनही पुन्हा झाला” या दोन तक्रारी एकाच चाळीतल्या आहेत.

अँटीबॉडीचा रिपोर्ट घेऊन येणाऱ्यांना सांगतो, त्या आकड्यावरून लस टाळायची की घ्यायची हे ठरत नाही. किती अँटीबॉडी म्हणजे पुरे, अशी सर्वमान्य रेघच नाही.

कोविडचा नियम सगळ्यांना लावू नका

‘नैसर्गिक ते उत्तम’ हे प्रत्येक रोगाला विचारून बघा. धनुर्वात होऊन वाचलेल्यालाही पुढे धनुर्वाताचं इंजेक्शन द्यावंच लागतं. माणूस मरायला पुरेल एवढं विषसुद्धा शरीराला ओळख पटण्याइतकं नसतं. डेंग्यूचे चार प्रकार आहेत, आणि एक होऊन गेला की दुसऱ्या प्रकाराचा डेंग्यू जास्त बिकट होऊ शकतो. कांजिण्या बऱ्या होतात, पण विषाणू मज्जातंतूंत दबा धरून बसतो आणि म्हातारपणी नागीण होऊन बाहेर येतो. गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही, हे खरं. पण जाताना तो आधी कमावलेल्या दुसऱ्या रोगांविरुद्धच्या अँटीबॉडीही पुसून जातो. २०१९ च्या एका अभ्यासात मुलांच्या अँटीबॉडींत ११ ते ७३ टक्के घट दिसली. २०२२ च्या अखेरीस गोवंडीत गोवराने बालकं दगावली. ‘होऊन जाऊ दे एकदा’ म्हणणाऱ्या आजीला हे जरूर सांगा.

फ्लूची तऱ्हा आणखी निराळी. गेल्या वर्षी झालेला फ्लू या वर्षीच्या विषाणूला नीट ओळखेलच असं नाही, म्हणून लसीचा मसाला दरवर्षी तपासून बदलावा लागतो.

मग ठरवायचं कसं

तापाचा पहिला दिवस, पट्टी निगेटिव्ह, घरात म्हातारं माणूस: कोविड आहे असं धरून मास्क लावा, वेगळ्या खोलीत झोपा, ४८ तासांनी पुन्हा करा. त्या माणसाला मधुमेह, दम्यासारखं काही असेल आणि तापही त्यालाच असेल, तर थांबू नका, लॅबमध्ये पीसीआर आणि डॉक्टर. बरे झालात, कामावर जायचंय: पीसीआर करू नका, विनाकारण घाबराल. लक्षणं नाहीत, तान्ह्या बाळाला बघायला जायचंय: एका निगेटिव्हवर जाऊ नका, आणि नाक गळत असेल तर टेस्टच नको, बारसं पुढच्या आठवड्यात बघा.

लसीबद्दल माझं मत असं. तिशीतला धडधाकट माणूस, दोन डोस झालेले आणि वर कोविडही होऊन गेलेला, तर आणखी एका डोसने त्याला फार काही मिळणार नाही. साठीच्या पुढे, मधुमेह, किडनीचा आजार, कॅन्सरची औषधं चालू, किंवा घरात गरोदर बाई, तर ‘होऊन गेलाय’ हे उत्तर पुरत नाही. डॉक्टरांना शेवटचा डोस आणि शेवटचा आजार, दोन्हींच्या तारखा सांगून विचारा. मुलांच्या गोवर-रुबेलाला तर ‘की’ नाहीच. नऊ महिने पूर्ण झाले की पहिला डोस, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा.

सरांनी त्या दिवशी दुकानाच्या बाकावर बसून माझ्यासमोर दुसरी टेस्ट केली. निगेटिव्ह. दोन दिवसांनी तिसरी, तीही निगेटिव्ह. जूनमध्ये डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन फ्लूची लस न्यायला आले. फ्रीजमधून काढून बर्फाच्या पाऊचसकट पिशवीत घालून दिली, तशी त्यांनी किल्ली काढली आणि माझ्या तोंडाकडे बघून परत खिशात टाकली.

“डिकीत नको ना?”

“नको, सर.”

आणि पिशवी हातात धरून चालतच दवाखान्याकडे निघाले.