नाना पेठेतला लोकल गिअर सेन्सर: कुठे चालतो, कुठे फसवतो

बाइकच्या मीटरवर गिअरचा आकडा चुकायला लागला की पुण्यात सल्ला ठरलेला असतो: नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत जा, लोकल गिअर सेन्सर (कोणता गिअर पडलाय ते मीटरला कळवणारा पार्ट) घे, बसव. बऱ्याच दुकानांत याला नुसतं ‘न्यूट्रल स्विच’ म्हणतात. तो काउंटरवर लगेच मिळतो आणि कंपनीच्या पार्टपेक्षा स्वस्त पडतो. पार्ट टाकाऊ नाही, पण सगळ्या गाड्यांना तो चालत नाही. शिवाय कित्येकदा बिघाड सेन्सरमध्ये नसतोच.

आधी कपलरमधल्या, म्हणजे सेन्सरची वायर गाडीला जोडणाऱ्या प्लगमधल्या, वायरी मोजा. पाच-सहा किंवा त्याहून जास्त असतील तर प्रत्येक गिअरला स्वतंत्र वायर आहे. गिअर टाकला की फिरणाऱ्या शिफ्ट ड्रमच्या टोकाला स्प्रिंगवर बसलेली पिन सेन्सरमधल्या धातूच्या ज्या टिकलीला टेकते, तिची वायर अर्थ होते (इंजिनच्या बॉडीला जोडली जाते) आणि मीटर तो आकडा दाखवतं. अशा गाडीत लोकल सेन्सर चांगला चालतो, कारण जुळवायचा कुठला रेझिस्टन्सच नसतो, फक्त टेकणं महत्त्वाचं. दोन-तीनच वायरी असतील तर आत बहुधा प्रत्येक गिअरला वेगळा रेझिस्टन्स असतो आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) व्होल्टेजवरून गिअर ओळखतो. इथे लोकल घेऊ नका. रेझिस्टन्स थोडा इकडे-तिकडे असला तरी तिसरा चौथा म्हणून वाचला जाऊ शकतो. बऱ्याच फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत ईसीयू याच सिग्नलवरून इग्निशनचं टायमिंगही (स्पार्क कधी पडायचा ते) ठरवतो, म्हणजे प्रश्न फक्त आकड्याचा राहत नाही. सुझुकीच्या इंजेक्शन गाड्यांवर सी-३१ हा बिघाडाचा कोड येतो तो याच सिग्नलचा.

पैसे टाकण्याआधी मल्टिमीटर लावा. गाडी मेन स्टँडवर किंवा मागचं चाक उचलणाऱ्या पॅडॉक स्टँडवर घ्या, इंजिन बंद ठेवा आणि मागचं चाक हाताने हलवत गिअर टाका. चाक न हलवता सगळे गिअर पडत नाहीत आणि मग चांगल्या सेन्सरवरच संशय येतो. वेगळ्या वायरींच्या गाडीत किल्ली बंद करा, कपलर सोडवा आणि सेन्सरकडच्या बाजूला त्या गिअरची वायर आणि इंजिनची बॉडी यांच्यात कंटिन्युइटी (जोड सलग आहे का ते) बघा. त्या गिअरमध्ये जवळजवळ शून्य ओहम, बाकी सगळ्यांत ओपन (जोडच नाही), असं यायला हवं. रेझिस्टन्सच्या गाडीत कपलर जोडलेलाच ठेवा, किल्ली ऑन करा, मागून बारीक प्रोब घाला आणि मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून न्यूट्रलपासून शेवटच्या गिअरपर्यंतचे आकडे कागदावर लिहा. प्रत्येक आकडा वेगळा आणि स्थिर हवा.

आता त्या आकड्यांचा अर्थ. एकच गिअर गायब असेल तर त्या टिकलीचा किंवा त्या वायरीचा दोष. सगळ्याच गिअरचे व्होल्टेज थोडे वर सरकले असतील तर सेन्सरला हात लावू नका. कपलरमध्ये किंवा अर्थिंगमध्ये गंज चढलाय आणि त्याचा रेझिस्टन्स मधे मिळतोय. आकडा थरथरत असेल तर पिन किंवा स्प्रिंग. पावसात किंवा वॉशिंग सेंटरच्या प्रेशरनंतरच बिघडत असेल तर कपलर उघडा, हिरवट पूड दिसेल. कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, वाळवा, टर्मिनल सैल असेल तर बारीक पकडीने आवळा, डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारं, पाणी अडवणारं) लावा. क्लीनर, ग्रीस, श्रिंक ट्यूब (गरम केली की वायरीवर आवळणारी नळी) यांसाठी पुण्यातली इलेक्ट्रिकल सामानाची तापकीर गल्ली गाठा.

एक गोष्ट फार वेळा सुटते. चेन-स्प्रॉकेट नवीन टाकल्यावर लगेच गिअर इंडिकेटर गेला, तर स्प्रॉकेटचं कव्हर काढा. वायर क्लिपमध्ये न बसवता कव्हर आवळलं की ती तरी चिमटते, नाहीतर चेनला घासून सोलते. दुरुस्ती म्हणजे एक सांधा, सोल्डर आणि श्रिंक ट्यूब.

सेन्सर खरंच काढायचा असेल तर गाडी उजवीकडे कलवून आधार द्या. बहुतेक गाड्यांत तो डावीकडे, पुढच्या स्प्रॉकेटमागे असतो आणि साइड स्टँडवर उघडला तर ऑइल बाहेर येतं. आधी चेनचा चिखल आणि जुनं ल्यूब पुसून घ्या, नाहीतर ते आत जाईल. खाली स्वच्छ फडकं पसरा, कारण पिन आणि स्प्रिंग इतक्या लहान असतात की एक उडाली की शोधणं अवघड. स्क्रूच्या डोक्यात नीट बसणारा बिट वापरा. घट्ट बसलेल्या स्क्रूची खाच एकदा गेली की काम दुप्पट होतं. पिनचं टोक झिजून चपटं झालंय का, दाबल्यावर ती मोकळी परत येते का, हे बघा. टिकल्यांवर काळा थर असेल तर क्लीनर आणि पेन्सिलचं खोडरबर पुरेसं आहे. पॉलिश पेपर अजिबात नको, वरचा मुलामा निघून जातो. ओ-रिंग (ऑइल अडवणारी रबरी रिंग) मात्र दरवेळी नवीनच टाका आणि तिला इंजिन ऑइलचं बोट लावून बसवा. पिन, स्प्रिंग आणि ओ-रिंग सुटे मिळाले तर पहिला खर्च तिथेच करा.

लोकल सेन्सरची खरी कमजोरी त्याच्या ओ-रिंगमध्ये आणि प्लॅस्टिकमध्ये आहे. सोबतची रिंग वापरू नका, कंपनीची वेगळी घ्या. प्लॅस्टिकच्या कडा वाकड्या असतील तर तो नग नाकारा, गरम ऑइलपुढे तो टिकणार नाही. काउंटरवरच मल्टिमीटर लावून प्रत्येक टिकली ते तिची वायर अशी कंटिन्युइटी तपासा, कारण इलेक्ट्रिकल पार्ट बसवून परत घेऊन गेलात तर दुकानदार सहसा हात वर करतो. जुना सेन्सर सोबत न्या. वायरींचे रंग आणि कपलरचा साचा जुळला नाही तर कापून जोडत बसू नका.

तिथेच कुठल्याही गाडीला लागणारे युनिव्हर्सल गिअर डिस्प्लेही दाखवतात, जो इंजिनचे आरपीएम आणि गाडीचा वेग यांच्या गुणोत्तरावरून गिअर काढतो. क्लच दाबला किंवा गाडी थांबली की त्याला गिअर कळत नाही. स्पीड सेन्सर चाकावर असेल तर पुढचं स्प्रॉकेट १४ दात्यांऐवजी १५ चं टाकल्यावर त्याला पुन्हा सगळे गिअर शिकवावे लागतात. मूळ गिअर इंडिकेटर असलेल्या गाडीला तो बसवू नका. केबलचं स्पीडोमीटर असलेल्या जुन्या गाडीत वेगाचा सिग्नलच नसतो, तिथे तर तो वेगळा स्पीड सेन्सर जोडल्याशिवाय चालणारच नाही.