जखम, चीर आणि एक शब्दकोश

अनुवादात वाक्य होतं: खडकाला घासून जहाजाच्या बुडाला ‘गॅश’ पडला. हाताशी असलेल्या इंग्रजी-मराठी कोशात अर्थ एवढाच, ‘खोल जखम’. मी तो इमानदारीत लिहून टाकला. संपादकांनी पेन्सिलीनं गोल करून शेजारी विचारलं, ‘मलमपट्टी कोण करणार?’

मग ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’ उघडली. डग्लस हार्पर यांनी उभा केलेला हा व्युत्पत्तिकोश वाचायला फुकट आहे, आणि एक शब्द पाहायला गेलेला माणूस तासाभरानं बाहेर येतो.

‘गॅश’ हे जुन्या ‘गार्सेन’चं झिजलेलं रूप. ‘कर्स’चं ‘कस’ आणि ‘बर्स्ट’चं ‘बस्ट’ झालं, तसाच इथलाही ‘र’ गळाला. ‘गार्सेन’ आलं उत्तर फ्रान्सच्या जुन्या बोलीतल्या ‘गार्से’वरून, म्हणजे कातडीवर चिरे पाडणं. त्यामागे बोलीतल्या लॅटिनमधलं एक रूप आहे आणि त्याच्या डोक्यावर फुली. फुली म्हणजे हे रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी अंदाजानं बांधलंय. मला हा प्रामाणिकपणा फार आवडतो. सगळ्यात मागे ग्रीक ‘खारासेइन’: कोरणं, धार लावणं. त्याच क्रियापदातून ‘कॅरॅक्टर’ निघालं, कारण ते मुळात कोरून उठवलेली खूण! कपाळावरची खोक आणि माणसाचा स्वभाव एकाच घरातले निघाले. (‘खारासेइन’ वाचून मला लगेच ‘खरचटणं’ आठवलं. पण नुसत्या आवाजावरून सोयरीक जुळवायची नाही, एवढं या कोशानं शिकवलंय.)

शब्दापुढचा सनही जपून वाचावा. तो शब्दाच्या जन्माचा नसतो, सर्वात जुन्या हाती लागलेल्या लिखित नोंदीचा असतो. उदाहरणवाक्यं फारशी नाहीत, त्यामुळे आज शब्द कुठे चालतो आणि कुठे खटकतो हे इथे कळत नाही. त्यासाठी दुसरा कोश शेजारी हवाच.

माझं काम मात्र झालं. कातडी, रक्त सगळं मागे पडलं आणि हत्यार फिरल्याची लांबट खूण तेवढी डोळ्यांसमोर राहिली. ‘खोक’ डोक्याला पडते, ‘भगदाड’ फार गोल वाटतं. मी लिहिलं: ‘जहाजाचं बूड लांबवर चिरत गेलं.’ या वेळी पेन्सिल उठली नाही.