गिरगावातले मोडीवाले काका: पैसे वसूल, पण घाई असेल तर जाऊ नका

आमच्या घरी एकच गोष्ट ऐकत मोठे झालो, पणजोबा लालबागच्या चाळीतले, १९१८ च्या मानमोडीत आईबाप दोघंही गेले आणि ते अनाथाश्रमात वाढले. कुठल्या अनाथाश्रमात ते कोणालाच माहीत नाही. मानमोडी म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, मुंबईत ६ ऑक्टोबरला एका दिवसात ७६८ माणसं गेली होती. आधी मी एका ऑनलाइन वंशावळवाल्यांना साडेचार हजार दिले, त्यांनी आडनावाचा इतिहास, कुलदैवत आणि तलवारीचं चित्र असलेली पीडीएफ पाठवली. पणजोबांचा पत्ता नाही. असो.

मग ऑफिसातल्या एकाने या काकांकडे पाठवलं, त्याच्या जातपडताळणीचे जुन्या मोडी लिपीतले कागद यांनीच वाचले होते. जुनी चाळ, दुसरा मजला, टेबलावर भिंग आणि कायम गार झालेला चहा. पानाला २०० रुपये, बालबोधमध्ये, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीत, हाताने लिहून देतात, नकला मात्र आपणच आणायच्या.

पण खरे पैसे वाचण्याचे नाहीतच, कुठे शोधायचं ते सांगण्याचे आहेत. मी काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या बिल्डिंगमधल्या पुराभिलेखात जाणार होतो, त्यांनी थांबवलं. म्हणाले, "तिथे सरकारी खात्यांची दफ्तरं, त्यात तुझा गिरणीकामगार कुठे शोधणार? गावाला जमीन होती का?" म्हटलं असेल थोडीफार. "मग पोराचं नाव शोधू नको, बाप मेल्यावरचा फेरफार काढ." फेरफार म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याची नोंद.

साताऱ्याकडचं आमचं गाव, तिथून भाऊ १९१९ चा फेरफार घेऊन आला. काकांनी एका ओळीवर पेन्सिल टेकवली, पणजोबांचं नाव, पुढे अ.पा.क. आणि चुलत्याचं नाव. अज्ञान पालनकर्ता, म्हणजे अल्पवयीन वारसाचा सांभाळ करणारा. ही तीन अक्षरं सातबारावर लहानपणापासून बघतोय, मला ते कुठलंतरी सरकारी खातं वाटायचं! म्हणजे अनाथाश्रम वगैरे काही नाही, पोरगं चुलत्याकडे होतं. पुढच्या एका फेरफारात चुलता एकटाच एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून उरला आणि पोराचं नाव गायब, मग अनाथाश्रमाची गोष्ट कोणी आणि का रचली असेल ते तुम्हीच समजा. काका एवढंच म्हणाले, "आता यावरून भांडायला जाऊ नकोस हं."

तक्रारी पण आहेत. दीड महिना सांगितला, तीन लागले. फोन उचलत नाहीत, २०२३ पासून कुणबी नोंदींमुळे मोडी वाचणाऱ्यांकडे रांग लागलीये हे मान्य, पण एक मेसेज तरी टाका ना. पणजोबांचं वय ६ च्या जागी ९ वाचलं, ते मी शाळेच्या जनरल रजिस्टरवरून पकडलं, तर कुरकुरत परत वाचून दिलं, त्याचे पैसे नाही घेतले. जीपे नाही, रोखच.

शेवटी त्यांनी कोतवाल बुक, म्हणजे गावची जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, बघायला लावलं. ऑक्टोबर १९१८ ची पानं, कारणाच्या रकान्यात ओळीमागून ओळ ताप, ताप, ताप. त्यात एक, कृष्णी कोम विठू, वय २४. म्हणजे नवरा मुंबईत वारला आणि ही गावाला येऊन. मी विचारलं, काका, कोम हे आडनाव का? ते हसले, "अरे कोम म्हणजे बायको. विठूची बायको कृष्णी." विठू पणजोबांचे वडील, म्हणजे ही पणजोबांची आई. आमच्या घरच्या वंशावळीत नुसते पुरुष आहेत, हे नाव आजपर्यंत कोणीच ऐकलं नव्हतं. बाबांनी तेवढ्याच पानाचे आणखी २०० रुपये देऊन दुसरी प्रत लिहून घेतली, आत्याला पाठवायला.