रंग ओढत नाही: वाटीवाला एअरब्रश की बाटलीवाला?

लालबाग-परळच्या गणपती कारखान्यांत एअरब्रशमधून (हवेच्या दाबाने रंग फवारणारं हत्यार) रंग येईनासा झाला की पहिला हात कॉम्प्रेसरच्या नॉबकडे जातो. त्याआधी रंग कुठून येतोय ते बघा. वर वाटी असलेल्या वाटीवाल्याचं आणि खाली बाटली लावलेल्या बाटलीवाल्याचं दुखणं वेगळं असतं.

बाटलीवाल्यात हवेच्या झोताने नोझलपाशी (रंग बाहेर पडतो ते तोंड) दाब कमी होतो आणि रंग नळीतून वर ओढला जातो. म्हणून प्रेशर जास्त लागतं, साधारण 25 ते 30 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), आणि रंग दुधाइतका पातळ. आधी झाकणावरचं बारीक भोक तपासा. तिथे रंग वाळून बसला की बाटलीत हवा शिरत नाही. सुरुवातीला छान चालणारा ब्रश हळूहळू थांबतो. टाचणीने भोक मोकळं करा, एअरब्रशच्या आतली सुई मात्र त्यासाठी अजिबात वापरू नका, टोक वाकेल. नळीचं टोक रंगात बुडतंय ना, तेही बघा.

वाटीवाल्यात रंग वजनानेच खाली उतरतो, 15-20 पीएसआयला भागतं. इथे संशय नोझलवर. वाटीत बुडबुडे आले तर हवा उलटी फिरतेय: नोझल सैल झालंय, तडकलंय किंवा टोकाला रंग सुकलाय. अ‍ॅक्रिलिक फार लवकर सुकतो. मधूनमधून साध्या ओल्या कुंचल्याने टोक पुसत राहा.

गालांवरची छटा, बोटांच्या कडा यांना मी वाटीच घेईन. मोठ्या मूर्तीच्या पितांबराला बाटली बरी: रंग जास्त मावतो, बदलायलाही सोपी.