एक्सपी२ की एचपी५? घरच्या डार्करूमसाठी एक तुलना

एन्लार्जर (निगेटिव्हवरून मोठा प्रिंट काढण्याचे यंत्र) घरी आहे, पण पुढचा रोल एक्सपी२ सुपरचा घ्यावा की एचपी५ प्लसचा, हे ज्यांचे ठरत नाही, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. दोन्ही फिल्म इल्फर्डच्या आणि दोन्ही ४०० आयएसओच्या आहेत. नाशिकला घरच्या न्हाणीघरात मी दोन्हींवरून प्रिंट काढले आहेत.

आधी एक्सपी२ची बाजू मांडतो. काळाराम मंदिराच्या काळ्या दगडावर दुपारचे ऊन पडलेले असताना ही फिल्म उजळ भाग सहज सांभाळते आणि एक्स्पोजर थोडे जास्त झाले तर दाणा (चित्रात दिसणारे बारीक कण) उलट आणखी बारीक होतो. एचपी५मध्ये तशा चुकीने दाणा बारीक होत नाही. क्रोमोजेनिक, म्हणजे एक्सपी२सारखी चांदीऐवजी रंगद्रव्याने चित्र उमटवणारी फिल्म म्हटली की नारिंगी निगेटिव्हची धास्ती वाटते, पण ती कोडॅकच्या बीडब्ल्यू४००सीएनच्या आठवणीतून आलेली आहे. मल्टिग्रेड कागद (फिल्टर बदलून ज्याचा कॉन्ट्रास्ट बदलता येतो तो) निळ्या आणि हिरव्या प्रकाशावर चालतो आणि तो नारिंगी थर त्यातला निळाच अडवत असल्यामुळे प्रिंट फिके येत आणि वेळही फार लागे. ती फिल्म २०१४ मध्ये बंद झाली. एक्सपी२ला असा थर नाही. मला फार तर अर्धा ग्रेड कडक (जास्त कॉन्ट्रास्टचा) फिल्टर लावावा लागतो.

फिल्म धुण्याच्या (डेव्हलप करण्याच्या) बाबतीत उन्हाळ्यात गंमतच होते. एचपी५साठी आयडी-११ हे डेव्हलपर एकास एक पातळ केले, तर २० अंशांना १३ मिनिटे लागतात आणि मे महिन्यात २० अंश म्हणजे बर्फाची परात. एक्सपी२चे सी-४१ रसायन (रंगीत निगेटिव्ह फिल्मसाठी वापरतात तेच) ३८ अंशांना चालते, परंतु ते विरघळवल्यावर फार दिवस टिकत नाही, म्हणून मी तो रोल मुंबईला पाठवतो.

आता ज्या एका गोष्टीने माझा निर्णय झाला, तिच्याकडे येतो. सी-४१ मध्ये चांदी ब्लीच होऊन निघून जाते आणि निगेटिव्हवर फक्त रंगद्रव्याचे मऊ ढग उरतात. ग्रेन फोकसरमधून (एन्लार्जरखाली दाणा मोठा करून दाखवणाऱ्या भिंगातून) एचपी५ पाहिली, तर सांडलेल्या रव्यासारखे दाणे दिसतात आणि नॉब किंचित फिरवताच ते टोकदार होतात. एक्सपी२मध्ये मात्र राखाडी धुकेच दिसते. फोकस झाले की झाल्यासारखे वाटले, हे काही केल्या कळत नाही. त्याच मंदिराचा ८×१० प्रिंट मी रात्री अकराच्या सुमारास हायपोतून (प्रिंट पक्का करणाऱ्या द्रावणातून) बाहेर काढला, तेव्हा कळसाजवळचे कोरीवकाम साबणाने धुतल्यासारखे मऊ झालेले होते. त्याआधीचे तीन कागदही तसेच वाया गेले होते. मग खराब झालेली एचपी५ची निगेटिव्ह कॅरिअरमध्ये (एन्लार्जरमधल्या निगेटिव्ह धरणाऱ्या चौकटीत) घालून फोकस करायचे आणि नंतर एक्सपी२ची निगेटिव्ह बसवायची, अशी युक्ती केली. पण बल्बच्या उष्णतेने निगेटिव्ह फुगते आणि कष्टाने जुळवलेले फोकस पुन्हा हलते. काचेचे कॅरिअर घेतल्यास ही अडचण बहुधा कमी होईल, मात्र नाशिकच्या धुळीत काचेच्या चार बाजू पुसत बसण्याचा उत्साह माझ्याकडे नाही.

कदाचित माझी नजरच कमी पडत असेल. ज्यांना ५×७ पेक्षा मोठे प्रिंट काढायचे नाहीत, त्यांना हा त्रास जाणवणारही नाही, आणि निगेटिव्ह मुख्यतः स्कॅनच करायची असेल, तर एक्सपी२वर धूळ-ओरखडे काढणारी इन्फ्रारेड सोय चालते. चांदीच्या फिल्मवर ती चालत नाही. माझ्या फ्रीजमध्ये अजून एक्सपी२चे दोन रोल आहेत. ते भाचीच्या लग्नात वापरीन आणि त्यांचे प्रिंट लॅबकडूनच काढून घेईन.