सागवानी पुस्तकांचं कपाट: एक पावसाळा काढल्यानंतर

ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारातून जुन्या घाटाचं, काचेच्या दारांचं हे कपाट गेल्या पाडव्याच्या सुमारास घेतलं. माप नेहमीचंच, सहा बाय तीन. वर नक्षीचा कंगोरा, खाली कातीव पाय. किंमत 52,000, टेम्पो आणि हमाली वेगळी. एवढे पैसे मोजायचे तर सागच हवा, म्हणून बिलावर 'पूर्ण सागवानी' असं लिहून घेतलं होतं.

पूर्ण सागवानी नाही. पाठ प्लायची आहे.

हे कळलं ऑगस्टमध्ये. कपाट पश्चिमेच्या भिंतीला आहे आणि आमच्याकडे पावसाचा सगळा मारा त्याच बाजूने. खालच्या कप्प्यातून जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा काढला, तर मागच्या कडेला पांढरी-हिरवी बुरशी. पुस्तकं उतरवली, कपाट पुढे ओढलं. पाठीवर सागाच्या रंगाचा हात मारलेला, पण त्याखालून आयएस 303 चा, म्हणजे साध्या प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का सरळ वाचता येत होता. म्हणजे ओलाव्यासाठी वापरतात तो आयएस 710 चा मरीन प्लायसुद्धा नाही. चार मिलीमीटरचा प्लाय, बारीक खिळ्यांनी ठोकलेला, आणि खालच्या कोपऱ्यात पापुद्रे सुटलेले.

दुकानात फोन केला. उत्तर आलं, "साहेब, पाठ कोण बघतं? सगळे प्लायच लावतात." लावत असतील, मग बिलावर तसं लिहा! मरीन प्लाय लावतोय असं आधी सांगितलं असतं, तर मी तोही चालवून घेतला असता. कपाट काटकोनात धरून ठेवायचं निम्मं काम पाठ करते आणि भिंतीचा ओलावा सगळ्यात आधी तिच्याच अंगावर येतो. तिथेच पैसे वाचवायचे, आणि कंगोऱ्यावर वेलबुट्टी कोरायची, हे मला अजिबात पटत नाही.

दारांबद्दल मात्र माझं मत बदललं. जुलैत उजवं दार वरच्या कोपऱ्यात इतकं घासायला लागलं की दोन्ही हातांनी ओढावं लागे. तेही दुकानाच्या खात्यावर मांडून मोकळा झालो होतो. आमच्या इमारतीत काम करणाऱ्या सुतारकाकांना रंधा मारायला बोलावलं, तर त्यांनी हातच लावला नाही. "आत्ता तासलं तर दिवाळीनंतर फट पडेल, थांबा." लाकूड दमट हवेत रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच, आणि जुलैत मुंबईच्या हवेत दमटपणा 80 टक्क्यांच्या वर असतो. नोव्हेंबरात दार आपसूक मोकळं झालं. आता दोन दारांमधली फट वरपासून खालपर्यंत एकसारखी आहे. दारं करणारा कारागीर उत्तमच होता.

फळ्यांबद्दल तक्रार नाही. पूर्ण इंचाच्या आहेत आणि मध्ये उभा आधार असल्यामुळे एकेक फळी दीड फुटाचीच. हा आधार नसलेलं कपाट घेऊ नका. पुस्तकं तशीच खच्चून भरलेली असतील, तर फळीची लांबी दुप्पट झाल्यावर ती सोळापट लवते. आमच्या घरातल्या आधीच्या पार्टिकल बोर्डच्या रॅकचं तेच झालं होतं. इथे जाड कोश ठेवूनही दोरा ताणून बघितला, फळी सरळ आहे.

पाठ शेवटी डिसेंबरात काकांकडूनच बदलून घेतली. सागाची चौकट, तिच्या खाचेत सरस न लावता सैल बसवलेल्या फळ्या, म्हणजे फुगल्या तरी चिरणार नाहीत. लाकूड-मजुरी धरून 9,000. कपाट आता भिंतीपासून दोन इंच पुढे आहे. नव्या पाठीचा पावसाळा अजून बघायचाय.

घेणार असाल तर दुकानात कपाट फिरवायला लावा आणि मोबाइलचा टॉर्च मारून आतली, पॉलिश न पोचलेली बाजू बघा. पिवळट-पांढरे पट्टे दिसले तर तो सालीजवळचा भाग. वाळवीला टिकतो तो सागाचा गाभा, हा पांढरा भाग नव्हे. गडद पॉलिशखाली दोन्ही सारखेच दिसतात. बिलावर फळ्या, दारं, पाठ कशाकशाची आहे ते वेगवेगळं लिहून घ्या.

9,000 ची पावती मूळ बिलासकट दुकानाला पाठवली आहे. ते निम्मे देतो म्हणतात. मला पूर्ण हवेत.