हिल्व्हरसमला जाताय? मग स्टेशनवरच सायकल घ्या

सासरे पुण्याहून आले की त्यांना काय दाखवायचं हा आमच्याकडे दरवर्षीचा प्रश्न. ट्युलिप झाले, पवनचक्क्या झाल्या. बाबा पक्के रेडिओवाले, अजूनही सकाळ आकाशवाणीशिवाय सुरू होत नाही, म्हणून यंदा नेदरलँड्समधलं रेडिओचं गाव हिल्व्हरसम ठरलं. ॲमस्टरडॅमहून गाडीने अर्धा तासही लागत नाही. युरोपातल्या जुन्या रेडिओंच्या काचेवर लंडन, पॅरिसच्या बरोबरीने या गावाचं नाव छापलेलं असायचं.

इथे पायी फिरायच्या भानगडीत पडू नका. 1923 साली इथल्या रेडिओयंत्रांच्या कारखान्यातून प्रसारण सुरू झालं आणि मग समाजवाद्यांची वारा, कॅथलिकांची केआरओ, प्रोटेस्टंटांची एनसीआरव्ही, कुणाशीच बांधलेली नसलेली आव्रो, अशा सगळ्या प्रसारणसंस्थांनी आपापला सवता सुभा मांडला. प्रत्येकाचा स्टुडिओ वेगळा आणि तोही वेगळ्या रस्त्यावर, बंगल्यांच्या झाडीत. चालत गेलात तर दोन बघून पाय बोलायला लागतील. सायकलवर मात्र हे अंतर म्हणजे किरकोळ.

स्टेशनवर रेल्वेची निळी-पिवळी भाड्याची सायकल, ओव्ही-फीत्स, मिळते. चोवीस तासांचं भाडं पाच युरोंच्या आत. त्यासाठी स्वतःच्या नावाचं प्रवासकार्ड आणि इथलं बँक खातं लागतं, त्यामुळे नुसत्या पर्यटकाला तिचा उपयोग नाही. पण एका कार्डावर दोन सायकली निघतात, म्हणजे पाहुण्यांची सोय झाली! सायकल दणकट, सरळ बसायची, मागे कॅरियरला रबरी पट्टे. उंचीने बेताच्या मंडळींनी निघण्याआधी सीट खाली करून घ्यावी.

ब्रेकचं मात्र आधी समजावून सांगा. मागचा ब्रेक पायात असतो, पॅडल उलटं दाबलं की चाक धरतं. सिग्नलला थांबल्यावर पॅडल उलटं फिरवून वर आणायची आपल्याकडची सवय इथे चालत नाही. बाबा पहिल्या चौकात खाली बघत म्हणाले, "अगं, हे जाम झालंय का?" दुसऱ्या चौकापासून त्यांनी मागचं चाक किंचित उचलून पॅडल जागेवर आणायची युक्ती काढली. आणखी एक: हॉलंड म्हणजे सपाट, हे इथे पूर्ण खरं नाही. गाव वाळूच्या उंचवट्यावर आहे आणि बिनगिअरच्या सायकलवर तो चढ मांड्यांना कळतो.

स्टुडिओ बाहेरूनच बघायचे, पण वाराच्या जुन्या इमारतीत रेडिओचा वाद्यवृंद आजही तालीम करतो. आव्रोच्या स्टुडिओत 1958 ची युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा झाली होती. वाटेत वास्तुविशारद डुडॉकने बांधलेली 1931 ची नगरपालिका लागते. पिवळ्या विटा, उंच मनोरा, समोर पाणी. नगरपालिकेची इमारत इतकी देखणी असू शकते हे बघून बाबा बराच वेळ गप्प होते, मग आपल्या वॉर्ड ऑफिसबद्दल जे बोलले ते इथे लिहीत नाही.

मीडिया पार्कमधलं 'बेल्ड एन खेलाउट' हे प्रसारणाचं संग्रहालय चुकवू नका. बाहेरच्या रंगीत काचांवर टीव्हीतली जुनी दृश्यं उठावात कोरल्यासारखी आहेत, जवळ गेल्याशिवाय चेहरे कळत नाहीत. इमारतीचा मोठा भाग जमिनीखाली, तिथे सगळं जुनं ध्वनिमुद्रण आणि चित्रण जपलंय. आत जायला निदान दोन तास हाताशी ठेवा.

वेळ उरला तर उत्तरेला क्रायलोचा प्राण्यांसाठीचा पूल गाठा. 800 मीटर लांब, खालून रेल्वे जाते, वर झाडी आणि सायकलवाट. तिथून बुसम हे शेजारचं गाव जवळच आहे, पण पाय दुखले म्हणून सायकल तिथल्या स्टेशनवर टाकून गाडी पकडू नका. जिथून घेतली तिथेच परत करायची असते, नाहीतर जादा पैसे कापतात.